‘व्यक्ती’ हा शब्द काढला तरी

या प्रकरणातल्या क्लायंटचं नाव मी देणार नाही. खोटं नावही देणार नाही. छोट्या गावात खोटं नाव दिलं की लोक खऱ्या नावाच्या शोधाला लागतात. वय, नोकरी, घरची माणसं यांतले तपशील बदलले आहेत. लिहिण्याआधी तिची लेखी संमती घेतली. आईविषयीच्या भागाला आईंचीही संमती आहे, ती माझ्या सहकाऱ्यानं घेतली. लिहून झाल्यावर क्लायंटनं सगळा मजकूर वाचला, दोन वाक्यं खोडली आणि एक गोष्ट घालायला सांगितली.

आमचं समुपदेशन केंद्र म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मी रोज असते, एक सहकारी आठवड्यातून दोन दिवस येतो. पाटीवर फक्त आमची नावं आहेत, बाकी काही नाही. दोन क्लायंटच्या वेळांमध्ये १५ मिनिटं मोकळी ठेवतो, म्हणजे जिन्यात कुणी कुणाच्या समोर येत नाही. बाहेरच्या खोलीतला पंखा थंडीतही चालू असतो, कारण त्याच्या आवाजात आतलं बोलणं बुडतं. फोनवर आठवणीचा मेसेज पाठवतो त्यात ‘उद्या ४ वाजता’ एवढंच असतं, कुठे आणि कशासाठी ते नसतं. मोठ्या शहरात काम करणाऱ्यांना हे अती वाटेल. इथे दुपारी जिना चढताना कुणी पाहिलं तर संध्याकाळपर्यंत घरी कळलेलं असतं.

आणि हा पहिला मजला हाच मुळात आमचा दोष आहे. ज्यांना जिना चढता येत नाही त्यांच्यासाठी आठवड्यातून एक दिवस तळमजल्यावरची खोली मागून घेतो. त्या लोकांना वार निवडता येत नाही. ‘सर्वांसाठी’ हा शब्द आम्ही पत्रकावर पहिल्या दिवसापासून छापला होता. तो खरा करायला काय काय लागतं, यातलं बरंचसं मला या एका प्रकरणात शिकावं लागलं.

पहिली भेट

ती २७ वर्षांची. हिशेबाच्या कामाची नोकरी, आईवडिलांबरोबर राहणं. तक्रार एकच.

“मॅडम, बाकी सगळं ठीक आहे. फक्त झोप येत नाही.”

सात-आठ महिन्यांपासून रात्रीची जेमतेम चार तास झोप. कामात चुका होऊ लागल्या होत्या. दोनदा बेरीज चुकली म्हणून वरिष्ठ बोलले, आणि तेव्हा कुठे तिनं आमचा नंबर शोधला.

आमचा तेव्हाचा अर्ज मला आता पाहवत नाही. त्यात ‘विवाहित / अविवाहित’ आणि त्याखाली ‘पती/पत्नीचे नाव’ असा रकाना होता. जो रकाना आपल्याला लागू नाही त्यात माणसं आडवी रेघ मारतात. तिनंही तीन ठिकाणी मारली होती: ‘पूर्वीचे आजार’, ‘चालू औषधे’, ‘अपत्ये’. पतीच्या रकान्यात मात्र रेघ नव्हती. नावही नव्हतं. तेवढी जागा तिनं तशीच ठेवली होती. माझ्या ते लक्षात आलं आणि मी पान उलटलं.

पीएचक्यू-९ भरून घेतलं. नैराश्य किती आहे हे पाहायची ही छोटी प्रश्नावली: नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. तिला १६ गुण पडले. १५ ते १९ म्हणजे मध्यमाच्या वरचं, दुर्लक्ष करू नये असं नैराश्य. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तिथे तिनं १ लिहिला होता, म्हणजे ‘काही दिवस’. या प्रश्नावर शून्य सोडून काहीही आलं की मी थेट विचारते. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात भरतो, ही समजूत घट्ट रुजलेली आहे, पण अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचंच बरं वाटतं.

“म्हणजे नेमकं काय येतं मनात?”

“सकाळी जागच येऊ नये, असं. करायचं काही नाही मनात.”

आम्ही सुरक्षा योजना लिहिली. स्टॅनली आणि ब्राऊन या दोघांनी बसवलेली ही पद्धत एका कागदावर मावते. मन कधी घसरतंय ते ओळखायच्या खुणा, तेव्हा एकटीनं काय करायचं, कुठल्या माणसांत किंवा ठिकाणी गेलं की विचार दुसरीकडे वळतात, मदत कुणाकडे मागायची, कुठल्या डॉक्टरला किंवा समुपदेशकाला फोन करायचा, आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू कशा दूर ठेवायच्या. मदत मागायच्या माणसांच्या जागी तिनं ऑफिसमधल्या एका मैत्रिणीचं नाव लिहिलं.

“रात्री एक वाजता यांना फोन कराल?”

“हो.”

त्या ‘हो’त काही नव्हतं, हे मला तेव्हाही जाणवलं होतं. नाव लिहून झालंय यावर मी समाधान मानलं.

फॅमिली डॉक्टरांकडून रक्त तपासून घेतलं, थायरॉइडसकट सगळं ठीक निघालं. मनोविकारतज्ज्ञांना दाखवायला ती तयार नव्हती. पुढे पुन्हा विचारेन, असं सांगून ठेवलं.

झोपेचं काम आणि माझा ‘तो’

जुन्या निद्रानाशावर पहिल्यांदा वापरावी अशी पद्धत सीबीटी-आय. औषधाशिवायची, सवयी आणि विचार दोन्हींवर काम करणारी. झोपेची रोजची नोंद ठेवायची, अंथरुणात फक्त झोपायचं, झोप येत नसेल तर उठून बसायचं, सुरुवातीला अंथरुणातला वेळ मोजका ठेवायचा, फोन खोलीबाहेर. दुसऱ्या भेटीत तिची वही पाहिली. सातही दिवस अकरा ते एक या वेळात एकच शब्द होता: ‘फोन’.

“कुणाशी बोलणं होतं इतका वेळ?”

“एक व्यक्ती आहे.”

पुढची वीसेक मिनिटं ती त्या व्यक्तीविषयी बोलली. चार वर्षांची ओळख. ती व्यक्ती दुसऱ्या गावी असते. भेटणं होतं दोन-तीन महिन्यांतून एकदा. हल्ली बोलण्यात ताण येतो, कारण घरी लग्नाचा विषय निघालाय. परवा ती व्यक्ती खूप रागावली होती. इथे मी म्हणाले,

“मग तो काय म्हणाला?”

ती थांबली. टेबलावरच्या पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

“काही नाही. झोपेचं काय करायचं, मॅडम?”

आणि आम्ही झोपेवर आलो. मला वाटलं, वादाचा विषय आहे, आत्ता नको असेल. फोन रात्री बाहेरच्या खोलीत ठेवायचं ठरलं.

तिसऱ्या आणि चौथ्या भेटीला ती वेळेवर आली. वही नेटकी, एक दिवसही चुकलेला नाही. झोप चारवरून साडेपाच तासांवर गेली होती. मी सांगेन ते तिला पटत होतं. ‘हो मॅडम’, ‘करते मॅडम’, ‘छान वाटतंय मॅडम’. चौथ्या भेटीत पीएचक्यू-९ पुन्हा भरून घेतलं तर १८. आणि नवव्या प्रश्नावर २, म्हणजे निम्म्याहून जास्त दिवस.

झोप वाढली होती आणि माणूस खचलं होतं. याचा अर्थ मला लागेना. मरणाच्या विचारांविषयी पुन्हा सविस्तर विचारलं. बेत नव्हता, साधन मनात नव्हतं. मनोविकारतज्ज्ञांकडे जायला ती या वेळी तयार झाली. त्यांनी दाखल व्हायची गरज नाही असं सांगून नैराश्याचं औषध सुरू केलं. म्हणून आधीच सांगून ठेवते: पुढे जी सुधारणा दिसली त्यात औषधाचा वाटा आहे.

पाचव्या भेटीला ती आली नाही. संध्याकाळी मी फोन केला. “काम निघालं, मॅडम. मी बरी आहे, काळजी करू नका.” नोंदवहीत मी लिहिलं: ‘आली नाही. फोनवर संपर्क. सुरक्षित.’

तीन पानं

ज्या ज्येष्ठ समुपदेशकांकडे मी सुपरव्हिजनसाठी, म्हणजे माझं काम तपासून घ्यायला जाते, त्यांच्याकडे मी या केसच्या नोंदी घेऊन गेले. सुपरव्हिजनमध्ये केस मांडण्याची परवानगी क्लायंट पहिल्याच भेटीत देतात, नाव तिथे जात नाही. भेट संपल्यावर लगेच, आठवेल तितकं क्लायंटच्याच शब्दांत लिहायची मला सवय आहे. बाईंनी दुसऱ्या भेटीची तीन पानं वाचली. मग पेन्सिल घेऊन परत वाचली, आणि क्रियापदांखाली रेघा मारत गेल्या.

“अगं, या तीन पानांत तिच्या तोंडचं एकही क्रियापद पुल्लिंगी नाहीये. एक तर ‘बोलणं झालं’, ‘भेटणं होतं’. नाहीतर ‘ती व्यक्ती रागावली’, ‘ती व्यक्ती म्हणाली’. ‘तो’ फक्त एकदा आलाय. आणि तो तू आणलायस.”

मराठीत हे किती अवघड आहे याचा विचार मी कधी केला नव्हता. आपल्या क्रियापदाला लिंग असतं. प्रेमाच्या माणसाविषयी दोन वाक्यं बोलायची तरी आला की आली, म्हणाला की म्हणाली, हे ठरवावंच लागतं. सुटायच्या वाटा दोनच. एक, ‘बोलणं’, ‘भेटणं’ यांसारखी नपुंसकलिंगी नामं. दुसरी, ‘व्यक्ती’ हा शब्द. पुरुष असो की बाई, व्याकरणात व्यक्ती स्त्रीलिंगीच. चार वर्षं ती या शब्दाच्या आडोशाला उभी राहून बोलत होती, ऑफिसात, घरी आणि माझ्यासमोर. माझ्यासमोर तिनं तो आडोसा वीस मिनिटं वापरून पाहिला होता. ऐकणारी कशी आहे हे ती पाहत होती, असं मला आज वाटतं. आणि मी एका अक्षरात तिला उत्तर दिलं होतं.

समुपदेशनातल्या नात्याला तडा जातो तेव्हा तो दोन तऱ्हांनी दिसतो, असं सॅफ्रन आणि म्यूरन यांनी मांडलं आहे. एक, क्लायंट भिडतो, तक्रार करतो, ‘तुमचा काही उपयोग नाही’ म्हणतो. दुसऱ्या तऱ्हेत क्लायंट मागे सरतो. तो सौम्य होतो, सगळ्याला हो म्हणतो, गृहपाठ वेळेवर करतो. पहिल्या तऱ्हेनं आपण खडबडून जागे होतो. दुसऱ्या तऱ्हेचा क्लायंट आपल्याला आदर्श वाटायला लागतो, आणि मला ती तशीच वाटत होती.

सहावी भेट

या भेटीआधी दोन गोष्टी मी स्वतःला बजावल्या. अंदाज बोलून दाखवायचा नाही. ‘ती मुलगी आहे का?’ असं विचारणं म्हणजे बंद दार मी बाहेरून उघडणं. अंदाज बरोबर असला तरी उघडायचा हक्क तिचा होता, आणि चुकीचा असला तर मी दुसरी चूक केली असती. दुसरं म्हणजे लांबलचक माफी मागायची नाही. समुपदेशकच रडवेला झाला तर क्लायंटला त्याची समजूत काढत बसावं लागतं.

ती आल्यावर मी एवढंच म्हणाले, “दुसऱ्या भेटीत तुम्ही ‘व्यक्ती’ म्हणालात आणि मी ‘तो’ म्हणाले. तुम्ही तसं म्हणाला नव्हतात. तो शब्द माझा होता, आणि ते माझं चुकलं. त्याविषयी तुम्हाला काही सांगायलाच हवं असं नाही.”

घड्याळ पाहिलं नाही, पण ती शांतता मोठी होती. बाहेरचा पंखा ऐकू येत होता. मग ती खिडकीकडे बघत म्हणाली,

“व्यक्ती हा शब्द काढला ना मॅडम, तरी ‘ती’च राहते.”

मी “बरं” म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही, आणि बहुतेक गरजही नव्हती. तिनं तोंड झाकून घेतलं आणि बराच वेळ रडली. मग नाक पुसून एकदम व्यवहारी आवाजात म्हणाली,

“तुम्ही फोन बाहेर ठेवायला सांगितला होता. मी ठेवला. आमचं बोलणं बंद पडलंय जवळजवळ महिनाभर.”

तेव्हा मला ते आकडे कळले. दिवसा घरात आई, ऑफिसात शेजारी चार टेबलं. अकरानंतर सगळे झोपले की दोन तास तिला मोकळेपणी ‘ती’ म्हणता यायचं. त्या दोन तासांना मी ‘झोपेची वाईट सवय’ ठरवून खोलीबाहेर ठेवायला लावलं होतं. उपचार पुस्तकात लिहिल्याप्रमाणे अचूक होता, तिनं तो अचूक पाळला, झोप वाढली, आणि जगायचं जे कारण होतं ते कमी झालं. नवव्या प्रश्नावरचा २ तिथून आला होता.

हा मुद्दा मी मुद्दाम लांबवते आहे. सर्वसमावेशक उपचार म्हणजे चांगलं वागणं, आपुलकीनं बोलणं, असं आपल्याकडे समजलं जातं. मी सौजन्यानंच वागत होते. पण मला तिच्या आयुष्याची अर्धी माहिती नव्हती, आणि ती नव्हती कारण माझ्या एका शब्दानं मी ती अडवली होती. अर्ध्या माहितीवर दिलेला बरोबर उपचार तिला अपाय करून गेला.

त्याच दिवशी सुरक्षा योजनेचा कागद पुन्हा काढला. मदत मागायच्या जागी ऑफिसातल्या मैत्रिणीचं नाव तिनं खोडलं नाही, पण त्याच्या वर एक नंबर लिहिला. तो तिनं न बघता लिहिला. फोन परत खोलीत आला. बोलायची वेळ साडेदहा ते साडेअकरा, अंथरुणात नाही, खिडकीशेजारच्या खुर्चीत. झोपायची वेळ बारा. सीबीटी-आय सोडलं नाही, तिच्या आयुष्याच्या मापानं कापून घेतलं.

काय समजलं

तिच्यावर एक मोठा आघात असा झालेला नव्हता. मारहाण नाही, घरातून काढलेलं नाही, कुणी हिणवलेलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. मग एवढं नैराश्य कशाचं? इलन मायर यांनी २००३ साली मांडलेली ‘अल्पसंख्याक-ताणा’ची, म्हणजे समाजानं वेगळं ठरवलेल्या लोकांवर येणाऱ्या जादा ताणाची चौकट इथे फार उपयोगी पडली. तिच्यात प्रत्यक्ष भेदभाव हा फक्त एक घटक आहे. ‘लोक नाकारतील’ ही सततची अपेक्षा, स्वतःला लपवण्याचे कष्ट, आणि समाजाचा तिरस्कार स्वतःच्याच मनात मुरणं, हे बाकीचे. यातले लपवण्याचे कष्ट मला तिच्यात डोळ्यांनी दिसत होते. जो माणूस दिवसभर प्रत्येक क्रियापद तपासून मग तोंडातून बाहेर काढतो, त्याचं डोकं रात्री दिवा मालवला म्हणून थांबत नाही.

पुढच्या दहा-बारा भेटींत काम याच कष्टांवर झालं. सगळं सविस्तर लिहीत नाही. बरंचसं असं होतं की ती नुसती त्या मुलीविषयी बोलायची. कुठे भेटल्या, कशावरून भांडल्या, तिला सर्दी झाली की ती कशी चिडचिड करते. साधी वाक्यं, स्त्रीलिंगी क्रियापदांची. कुठलं तंत्र वापरलं असं मला सांगता येणार नाही.

एकदा मी म्हणाले, “किती धीर लागला असेल तुम्हाला.” ती पटकन म्हणाली, “धाडसी नका म्हणू, मॅडम. मला साधी राहू द्या.” कार्ल रॉजर्स यांनी १९५७च्या लेखात मानसोपचाराला लागणाऱ्या ज्या सहा अटी सांगितल्या त्यांतली एक म्हणजे बिनशर्त स्वीकार. शिकताना मी ती ‘नावं ठेवू नयेत’ एवढीच समजले होते. कौतुकही अट होऊ शकतं. धाडसी असलीस तर आवडशील, असं त्यात ऐकू येतं. स्वतःसाठी तिनं कुठलंही नाव, कुठलंही लेबल वापरलं नाही, म्हणून मीही इथे वापरलेलं नाही.

आई

चौथ्या महिन्यात तिनं आईला सांगायचं ठरवलं. ठरवणं पूर्ण तिचं. मी ‘सांगा’ म्हणाले नाही आणि ‘थांबा’ही म्हणाले नाही. आई काय काय म्हणू शकेल याची उजळणी केली, आणि घरी राहणं अशक्य झालंच तर चार दिवस कुठे जाता येईल ते आधी नक्की केलं. हे व्यावहारिक काम टाळू नये. घरात सांगण्याला लोक मोकळं होणं म्हणतात, पण ज्याचं छप्पर आईवडिलांचं आहे त्याच्यासाठी तो राहत्या जागेचाही प्रश्न असतो.

तिनं सांगितलं. आईंनी आरडाओरडा केला नाही. आठ दिवस त्या तिच्याशी बोलल्याच नाहीत.

आता छोट्या गावाची अडचण. वाचनालयाच्या समितीत मी आहे आणि तिची आईही आहे. हे मला पहिल्या भेटीतच माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि आम्ही त्यावर बोललो होतो. आमच्या व्यवसायाच्या आचारसंहिता अशा दुहेरी नात्यांपासून सावध करतात, पण असं प्रत्येक नातं गैर ठरवत नाहीत. निर्णयशक्ती झाकोळते का आणि क्लायंटला इजा होईल का, हे पाहायचं असतं. इथे सरसकट बंदी पाळली तर मला एकही क्लायंट घेता येणार नाही.

बैठक संपल्यावर आईंनी मला पुस्तकांच्या कपाटापाशी गाठलं.

“ताई, एक विचारू? माझी मुलगी तुमच्याकडे येते ना?”

“माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी कुणालाच सांगत नाही, ताई. उद्या तुम्ही आलात तर तेही सांगणार नाही.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. राग नव्हता, थकवा होता. चार दिवसांनी त्या जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, मला स्वतःलाच बोलायचंय. त्यांना घेणं शक्य नव्हतं. पण ‘तुमची मुलगी येते म्हणून’ हे कारण देता येत नव्हतं. मी दुसरं कारण सांगितलं, तेही खरंच होतं: “आपण समितीत एकत्र बसतो. ओळखीच्या माणसासमोर मोकळं बोलता येत नाही. माझे सहकारी मंगळवारी येतात, त्यांच्याकडे वेळ देऊ का?” त्यांनी मंगळवार घेतला.

त्यानंतर सहकारी आणि मी या कुटुंबाविषयी एक शब्दही बोललो नाही. फाइली वेगवेगळ्या कपाटांत, किल्ल्या वेगळ्या. दोन खोल्यांच्या जागेत हे सांभाळणं कठीण गेलं, हे मान्य करते. आईंचा वार कळल्यावर मुलीनं आपला वार बदलून घेतला.

आठव्या महिन्यात मुलीनं एकत्र बसायची इच्छा सांगितली. दोघींची लेखी संमती घेतली, काय बोललं जाईल आणि काय नाही हे आधी ठरवलं, मगच चौघं बसलो. आईंनी पहिलाच प्रश्न सहकाऱ्याला विचारला.

“यावर उपचार काय आहे?”

त्यानं सरळ उत्तर दिलं. हा आजार नाही. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशननं १९७३ साली समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं, जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी काढलं. बदलायचे प्रयत्न झालेले आहेत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटानं २००९ साली ते सगळं तपासून सांगितलं की अशा प्रयत्नांना यश येण्याची शक्यता नाही आणि त्यांतून इजा होण्याचा धोका आहे. आईंनी पर्समधून पेन काढलं आणि कुठल्याशा पावतीच्या मागे तिन्ही सालं लिहून घेतली. मग म्हणाल्या, “म्हणजे तिला काही झालेलं नाही.”

“नाही.”

“मग मला का असं वाटतंय, माझं काहीतरी गेलं?”

मुलगी जागेवरून उठली नाही, आईला मिठी मारली नाही. “तुला वाटू दे,” म्हणाली. मला तो त्या तासातला सगळ्यात खरा क्षण वाटला. आईंना दुःख होतं, आणि ते दुःख म्हणजे मुलीवरचा आरोप नव्हे, हे त्या दिवशी दोघींनाही एकाच वेळी ऐकू आलं. आम्ही दोघं गप्प बसलो.

आज

पहिल्या भेटीला चौदा महिने झाले. पीएचक्यू-९ सात, नवव्या प्रश्नावर शून्य, तीन महिने सलग. औषध मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली कमी होत आहे. झोप साडेसहा तास. वडिलांना सांगितलेलं नाही, कधी सांगायचं ते ठरलेलं नाही. लग्नाचा विषय आईंनी घरात थांबवला आहे, कारण न देता. भेटी आता महिन्यातून एक.

अर्ज बदलला. पतीचा रकाना गेला. त्याजागी ‘गरज पडली तर आम्ही कुणाशी संपर्क करावा? ते तुमचे कोण?’ असं आहे. आणि एक नवा प्रश्न आहे: ‘तुमच्याविषयी बोलताना आला म्हणू, आली म्हणू, की आले?’ काही वयस्कर लोक त्यावर थबकतात, मग खूण करतात आणि पुढे जातात. आजवर कुणी रागावलेलं नाही. एका क्लायंटनं त्या रकान्यात खूण करून अर्ज तिथेच खाली ठेवला होता, बाकी काही न भरता, आणि मग एक तास बोलणं झालं. जोडीदाराविषयी विचारताना मीही आता ‘बोलणं होतं का?’, ‘भेटणं झालं का?’ असंच विचारते, समोरचा माणूस स्वतः क्रियापद निवडेपर्यंत.

मागच्या भेटीत ती सांगत होती की आई हल्ली अधूनमधून विचारते, “ती व्यक्ती बरी आहे ना?” तिला हसू आलं होतं. “आईनं माझाच शब्द उचललाय, मॅडम. वडील बसलेले असतात ना समोर.”

आता तिनं घालायला सांगितलेली गोष्ट. पाचव्या भेटीच्या दिवशी काम निघालं नव्हतं. ती आली होती. जिन्याच्या मधल्या वळणावर पायरीवर बसली, वर पंख्याचा आवाज ऐकत होती, आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठून परत गेली. माझ्या नोंदवहीत त्या तारखेसमोर आजपर्यंत ‘आली नाही’ असंच होतं. ते खोडून खाली मी आज नवी नोंद केली, तिच्यासमोर, आणि तिनं त्यावर सही केली.